राणीच्या तोंडी सरजाचं बोलणं

ग्यानोबा खोकला की शिवेपलीकडची कुत्री भुंकतात, असं लोह्याच्या बाजूला म्हणायचे. लोकांचं काय, लोक काहीही म्हणतात. पण माणसाला आवाज होता, हे कुणी नाकारायचं नाही. बाप गावची दवंडी द्यायचा, आजाही तेच करायचा, त्यामुळं गळा वतनातच आलेला. फरक एवढाच, की बापानं जन्मभर सरकारचं आणि पाटलाचं बोलणं मोठ्यानं सांगितलं आणि ग्यानोबानं राजा-राणीचं. आणि बायकोचंही सांगितलं. तेच त्याला आयुष्यभर पुरलं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि सिनेमा मुका होता. नांदेडच्या मोहियोद्दीनभाईंचा फिरता तंबू होता. हातानं फिरवायचं यंत्र, एक पेटीवाला, एक तबलजी, आणि पडद्याच्या कडेला उभा राहून गोष्ट सांगणारा एक माणूस. पडद्यावर मधूनमधून अक्षरं यायची, पण वाचणार कोण? तंबूतले निम्मे लोक अंगठेबहाद्दर, उरलेल्यांना ती भाषा येत नव्हती. म्हणून सांगणारा लागायचा. आधीचा सांगणारा हैदराबादचा होता. फार अदबीचं उर्दू बोलायचा, आणि उमरीच्या बाया एकमेकींना विचारायच्या, हा रडतोय का गातोय. एका बाजारच्या दिवशी मोहियोद्दीनभाईंनी ग्यानोबाला बापाच्या जागी दवंडी देताना ऐकलं आणि तिथंच म्हणाले, "ये आदमी मेरे को होना." झालं. पोरगा तंबूत गेला.

तंबूत सिनेमे दोन-चार होते, पण चालायचा एकच. नाव काहीतरी मोठं संस्कृत होतं, लोक त्याला नुसतं 'राणीचा सिनेमा' म्हणायचे. राजा-राणीचं लग्न होतं. मूल होत नाही. प्रधान राजाचे कान भरतो, दुसरी करा म्हणतो. राजा हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. राणी राजवाडा सोडून जंगलात झोपडी बांधते. शेवटी राजा तिच्या दारात येऊन हात जोडतो. एवढंच.

एवढंच, पण ग्यानोबा ते रोज वेगळं करायचा. त्याची एक रीत होती. ज्या गावात तंबू पडेल, त्या गावात तो दिवसभर फिरायचा. चावडीवर बसायचा, न्हाव्याकडं बसायचा, कोण कुणाला काय म्हणालं ते कानात साठवायचा, आणि संध्याकाळी तेच पडद्यावरच्या माणसांच्या तोंडात घालायचा. निलंग्यात प्रधान तिथल्या अडत्यासारखा कानडी हेल काढून बोलला, तर लोक हसून हसून आडवे झाले. देगलूरला दासीच्या तोंडी तेलुगू शिव्या आल्या. नाव कुणाचं घ्यायचं नाही, पण ज्याला कळायचं त्याला बरोबर कळायचं. मोहियोद्दीनभाई त्याला बजावायचे, "ग्यानोबा, किसी के घर की बात मत लेना." तो मान डोलवायचा. मान डोलवायला काय लागतं?

आता घरची गोष्ट. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि बायकोची, सरजाची, कूस उजवली नव्हती. ग्यानोबाची आई, नागुबाई, तोंडानं फार वाईट नव्हती, पण हट्टाला पेटली होती. दुसरी कर म्हणून तिनं पोराच्या मागं धोशा लावला होता. ग्यानोबा आठ महिने बाहेर, चार महिने घरी. घरी आला की आईपुढं गप्प आणि बायकोपुढंही गप्प. तंबूत एकट्यानं दहा माणसांचं बोलायचा तो माणूस, घरात त्याच्या तोंडाला कुलूप.

माळेगावच्या यात्रेच्या थोडं आधी, दुपारी, सरजा भाकरी थापता थापता त्याच्याकडं न बघता म्हणाली, "करा दुसरी. मी आडवी येनार न्हाई. पर तिला हळद माझ्या हातानं लावू द्या. म्हंजी लोक म्हनतील, सरजानंच आनली. टाकलेली म्हनायचं न्हाईत मला." एवढं बोलून तिनं भाकरी उलटली. ग्यानोबानं जेवण केलं, हात धुतला, आणि काही न बोलता यात्रेत तंबू लागत होता तिकडं निघून गेला.

माळेगावची यात्रा म्हणजे घोडे, उंट, गाढवं आणि माणूसच माणूस. गावातलं झाडून सगळं माणूस यात्रेला. पहिल्याच खेळाला तंबू गच्च भरला. कनातीपलीकडं बाया. मध्ये पाटलांच्या, देशमुखांच्या घरच्या, आणि अगदी कडेला, खाली मातीत, ग्यानोबाच्या वस्तीतल्या. तिथं नागुबाई होती, सरजा होती, आणि कुडाच्या एका भिंतीपलीकडं राहणारी शेजारीण पारूबाई होती. नवऱ्याचं काम सरजा पहिल्यांदाच बघणार होती. नवं लुगडं नव्हतं, पण धुतलेलं नेसून आली होती.

सिनेमा बहुतेकांनी मागच्या साली पाहिला होता. लोक शेंगा फोडत होते, जांभया देत होते, पोरं रडत होती. तिसऱ्या रिळात राणी राजापुढं उभी राहते आणि बराच वेळ बोलते. ग्यानोबा तिथं नेहमी म्हणायचा, महाराज, माझा काय गुन्हा. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला जाणवलं की तंबू हातातून सुटला आहे. सांगणाऱ्याला ते पाठमोरं असूनही कळतं. मग जे ओठावर होतं तेच बाहेर पडलं.

"करा दुसरी, महाराज. मी आडवी येनार न्हाई. पर तिला हळद माझ्या हातानं लावू द्या. म्हंजी लोक म्हनतील, रानीनंच आनली. टाकलेली म्हनायचं न्हाईत मला."

शेंगा फोडायचा आवाज थांबला. कनातीपलीकडून एक हुंदका आला, मग दुसरा. पेटीवाल्याचा हात सुरावरच थांबला. ज्या बाया सरजाला आडाच्या पायरीवर चढू द्यायच्या नाहीत, त्या तिच्या शब्दांनी पदर डोळ्यांना लावत होत्या. आणि त्या हुंदक्यांमध्ये पारूबाईचा आवाज, हळू बोलायची सवय नसलेल्या बाईचा, स्वच्छ ऐकू आला, "आगं बया, हे तर आपल्या सरजाचं बोलनं."

खेळ सुटला. ग्यानोबा तंबूच्या तोंडाशी उभा होता, लोक पाठीवर थाप मारत होते, मोहियोद्दीनभाईंनी त्याला मिठी मारली. सरजा समोरून गेली. पदर नाकापर्यंत ओढलेला. थांबली नाही, बघितलं नाही.

आता खरं सांगायचं तर पहिल्यांदाचं मी सोडून दिलं असतं. गेलं तोंडातून, माणूस आहे, जीभ आहे. पण लगेच दुसरा खेळ होता. राणीचं ते बोलणं ऐकायचं म्हणून लोकांनी पुन्हा गर्दी केली होती. आणि ग्यानोबानं ते पुन्हा म्हटलं. जसंच्या तसं. उलट 'हळद' म्हणताना थोडा थांबला, कारण पहिल्या खेळाला तिथंच बाया रडल्या होत्या. पुढं उमरीत म्हटलं, निलंग्यात म्हटलं, तो सिनेमा फिरला तोवर म्हणतच राहिला. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

गावानं सरजाचं नाव राणी ठेवलं. आडावर, शेतात, कुणाच्या बाळंतपणाला गेली तिथं. राणीसाहेब, पाणी भरलं का. राणीसाहेब, खुरपायला येता का. बायांचं हसणं वाईट नव्हतं, पण हसणंच होतं. एक झालं, की नागुबाईला लाज वाटली आणि दुसरीचा विषय कायमचा मिटला. पुढं सुमन झाली, तेव्हा तर काही प्रश्नच उरला नाही. ग्यानोबानं याचाच आधार धरला होता. आपण बोललो म्हणून बाईचा संसार वाचला, असं तो स्वतःला समजवायचा. दिवसा पटायचं. अंथरुणावर पडला की पटायचं नाही.

कारण सरजा त्याच्याशी भांडली नाही. रुसली नाही, माहेरी गेली नाही. भाकरी वेळेवर, अंथरूण वेळेवर. फक्त ती त्याला जे सांगायची ते दवंडी पिटली तरी चालेल असंच असायचं. पीठ संपलं. शेळी व्यायली. पाहुणे येणार. बाकी तिच्या मनात काय चाललंय, दुखतंय का खुपतंय, याचा एक शब्द त्याच्या कानावर पडला नाही. ग्यानोबाच्या सगळं लक्षात आलं होतं. पण तो बोलला नाही. कुठल्या तोंडानं बोलणार?

मग पडदाच बोलायला लागला. बोलक्या सिनेमाला सांगणारा कशाला हवा? मोहियोद्दीनभाईंनी काही दिवस त्याला बैलगाडीतून कर्णा घेऊन जाहिरातीला फिरवलं, मग तेही संपलं. तो मजुरीला लागला. निजाम गेला. छप्पन्न सालानंतर घरात बुद्धाची तसबीर आली, दवंडीचं काम त्यानं सोडलं, पण जयंतीला मात्र घोषणा द्यायला ग्यानोबाच लागायचा. सुमन शिकली, लातूरला मास्तरीण झाली, तिथंच लग्न झालं.

बहात्तरच्या दुष्काळात दोघं म्हातारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. गावात पाणी टँकरनं, खायला सुकडी नाहीतर लाल मिलो ज्वारी. एका सकाळी ग्यानोबानं पाहिलं, सरजा एकाच हातानं पीठ मळतेय. दुसरा हात पदराखाली. त्यानं पदर ओढला तर करंगळी सुजून काळी पडलेली. हातोडा बसून बरेच दिवस झाले होते. लोह्याच्या दवाखान्यात बोट काढावं लागलं. परत येताना एसटीत त्यानं विचारलं, "सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं आसतं तर कामावर समद्यांनला कळलं आसतं," सरजा म्हणाली. "म्हातारीला कामावरून काढलं आसतं." तिनं हे रागानं म्हटलं नाही. पाऊस नाही, चारा नाही, तसंच म्हटलं. ग्यानोबाला एसटीतून उतरून पळून जावंसं वाटलं. पळून जाणार कुठं? शेजारी बायको बसली होती आणि पुढं गाव होतं.

सुमननं मग दोघांना लातूरला नेलं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून सुटलो म्हणून लोकांना आनंद, गल्लोगल्ली कमानी. सुमनच्या शाळेच्या शेजारी कॉलेज होतं, तिथले शेषेराव नावाचे प्राध्यापक जुन्या गोष्टींचे वेडे. जिल्ह्याच्या समारंभासाठी काहीतरी इथलं, जुनं दाखवायचं म्हणून ते नांदेडला गेले आणि मोहियोद्दीनभाईंच्या नातवाकडून, मकबूलकडून, राणीच्या सिनेमाचे डबे घेऊन आले. दोन रिळं सडून गेली होती. उरलेली चालण्यासारखी होती, आणि त्यात तिसरं होतं, शेवटचंही होतं.

"काका, तुम्हीच सांगायचं," शेषेराव म्हणाले.

ग्यानोबा आधी नाही म्हणाला. मग त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली, आणि ती आली म्हणून त्याला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी तो जेवताना गुणगुणला. शेवटच्या रिळात राजा हात जोडून राणीच्या दारात उभा राहतो. राजाचे ओठ हलतात. पूर्वी तो तिथं काहीतरी म्हणून टाकायचा, चल राणी, राज्य तुझं. आता तिथं तो खरं सांगणार होता. इतकी वर्षं घरात जे जमलं नाही, ते पडद्याच्या कडेला उभं राहून जमेल. आणि सरजा समोर बसलेली असेल.

"तू येशील का?" त्यानं विचारलं.

"सुमन म्हनती तर येते," सरजा म्हणाली.

शाळेच्या मैदानावर पडदा लावला होता. पुढं खुर्च्यांवर मोठे साहेब, त्यांच्या बायका, मागं गाव. सरजा सुमनच्या शेजारी दुसऱ्या रांगेत. ग्यानोबाच्या गळ्यात धार नव्हती पूर्वीची, पण पहिल्या दोन मिनिटांत लोक त्याच्या मुठीत आले. तिसरं रीळ आलं. राणी राजापुढं उभी राहिली, ओठ हलवू लागली. ग्यानोबा गप्प राहिला. राणीला बोलू दिलं, तिचं तिला. लोकांना वाटलं म्हातारा दमला.

शेवटच्या रिळात राजानं हात जोडले तेव्हा तो बोलला. "रानी, तू मला एकट्याला सांगितलं हुतंस. मी ते चव्हाट्यावर न्हेलं. तुझ्या दुख्खाची वाहवा मी घेतली. एकदा न्हाई, किती बार घेतली त्याचा हिशेब न्हाई. आन् तू गप झालीस. तुझं गप ऱ्हानं मला खात आलंय. मला माफ कर." बोलताना त्याचा आवाज खरंच फाटला. मैदान एकदम शांत झालं आणि मग टाळ्या सुरू झाल्या. साहेबांच्या बायकोनं डोळे पुसले. शेषेरावांनी त्याला वाकून नमस्कार केला. त्या गर्दीत ग्यानोबा सरजाला शोधत होता. ती सुमनचा हात धरून निघाली होती.

घरी आला तेव्हा गळ्यात हार तसाच होता. सरजा ओट्याशी पाणी प्यायला उभी होती. तो म्हणाला, "ऐकलंस का? ती तुझीच माफी मागितली."

सरजानं तांब्या खाली ठेवला. "हाव, ऐकलं. समद्या जिल्ह्यानं ऐकलं." मग म्हणाली, "तवा माझं बोलनं त्यांनला दिलंत. आज तुमची माफी बी त्यांनलाच दिलीत. ती तर माझी हुती ना?"

ग्यानोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हार काढायचं सुचेना. जी चूक त्यानं जवानीत केली, तीच म्हातारपणी पुन्हा केली, तीही माफी मागायच्या नावानं. टाळ्या वाजल्या तेव्हा तो सुखावला होता. खोटं कशाला बोला, सुखावला होता. जित्याची खोड म्हणतात ती हीच. त्याला वाटलं, आता घरात म्हणावं, दोघंच आहोत तोवर म्हणावं. तोंड उघडलं. मागच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज दोन हातांवर पोचेना. "सरजा," एवढंच निघालं. ती झोपायला गेली.

सकाळी शेषेराव आले, हातात पेढे. निलंग्याला, उदगीरला, अहमदपूरला, सगळ्या तालुक्यांतून बोलावणं आहे म्हणाले. "आणि काका, शेवटचं ते राजाचं बोलणं जसंच्या तसं. त्यालाच लोक रडले."

सरजा दाराशी लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"न्हाई जमायचं," ग्यानोबा म्हणाला.

"का? तब्येत?"

"न्हाई."

"मग काय? कुणी काही बोललं का? मानधन वाढवून घेऊ."

"न्हाई म्हनलं ना."

कारण सांगायला गेला तर पुन्हा सरजाचीच गोष्ट सांगावी लागणार होती. म्हणून त्यानं कारण दिलं नाही. शेषेरावांचा चेहरा उतरला. पेढ्यांचा पुडा तसाच ठेवून ते गेले. सुमन भडकली. "आबा, माझ्या शब्दावर त्यांनी एवढं केलं. आता मी शाळेत कुठल्या तोंडानं जाऊ?" गल्लीत बोलवा झाली, म्हातारा माजला, एका हारानं डोकं फिरलं, जास्तीचे पैसे मागत असेल. चहाच्या टपरीवर लोक त्याला ऐकू जाईल असं बोलायचे. एका शब्दानं त्याला ते मिटवता आलं असतं. तो चहा पिऊन घरी यायचा.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारी घरात दोघंच होती. ग्यानोबा भिंतीला टेकून बसला होता. सरजा समोर येऊन बसली, काही काम नसताना. असं ती कधी बसायची नाही.

"मला डोळ्यानं दिसेना झालंय," ती म्हणाली. "उजव्या डोळ्यानं तर कायबी न्हाई. डाव्यानं निसतं धुरावानी. लई दिस झाले."

ग्यानोबा सरळ झाला. "मंग त्या दिशी सिनेमा?"

"सिनेमा कुठला दिसतोय मला. पडदा पांढरा दिसला, बस. तुमचं बोलनं ऐकाय आले हुते." ती गुडघ्यावर हात ठेवून बसली. "मला भ्या वाटून राहिलंय. आंधळी झाले तर काय करू."

हाका मारत उठावं, शाळेत जाऊन सुमनला सांगावं, डॉक्टर आणावा, असं त्याच्या अंगात आलंही होतं. तो बसला. तिचा हात धरला, बोट नसलेला. मग घाबरत विचारलं, "सुमनला सांगू?"

असं त्यानं तिला जन्मात विचारलं नव्हतं.

सरजानं मान हलवली. "आज नगं," ती म्हणाली. "उद्या मीच सांगन."

संध्याकाळी सुमन आली. चहा झाला, पोरांचे अभ्यास झाले, जेवणं झाली. "आबा, एवढे गप्प का?" तिनं दोनदा विचारलं. ग्यानोबा म्हणाला, काही नाही. त्याला फार जड गेलं, पण तो बोलला नाही.